दातिवरें : घर आपलें, भूमि कोणाची?

मुंबईहून उत्तरेस जाणाऱ्या गाडीनें विरार सोडलें म्हणजे नगरीचा कोलाहल मागें पडतो. वैतरणेचें विस्तीर्ण पात्र पुलावरून ओलांडून गाडी सफाळ्यास येते. तेथें उतरावें व पश्चिमेकडे जाणारी एस्. टी. धरावी. वाटेंत एडवणच्या आशापुरीस नमस्कार करून कोरें गांव मागें टाकलें कीं येतें तें दातिवरें. पुढें पश्चिमसमुद्र, डाव्या हातास वैतरणेचें मुख आणि पैलतीराकडे पाण्यांत उभा असलेला अर्नाळ्याचा किल्ला, असा देखावा येथें दिसतो. २०२५ सालापासून विरारच्या मारंबळपाड्याहून खाडीपार जलसारपर्यंत वाहनें नेणारी रो-रो नौका सुरू झाली आहे, त्यामुळें हा प्रदेश आतां मुंबईकरांस पूर्वीइतका दूर राहिलेला नाहीं. वैतरणा त्र्यंबकाजवळच्या डोंगरांत उगम पावते. तिच्या धरणांतील पाणी मुंबईच्या लक्षावधि घरांच्या नळास येतें. एवढें दान केल्यावर ती येथें खारट होऊन सागरास मिळते.

डहाणू, तारापूर, शिरगांव, माहीम, केळवें, एडवण, कोरें व दातिवरें अशी किनाऱ्यावरील कोटांची जी माळ होती, तिच्या दक्षिण टोंकास हें स्थान आहे. पोर्तुगीजांनीं खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठीं येथें लहानसा कोट बांधला होता. चिमाजीअप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत हा सारा किनारा मराठ्यांच्या हातीं आला व मे १७३९ मध्यें वसई पडली. पुढें इंग्रज आले व गेले. ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. परंतु ज्या भूमीवर माणूस राहतो ती भूमि त्याची आहे कीं नाहीं, हा प्रश्न मात्र कांहीं घरांपुरता तसाच राहिला. आम्ही दातिवऱ्यास गेलों ते कोट पाहण्यासाठीं नव्हे, या प्रश्नासाठीं.

आमच्या आजोबांच्या नांवावर या गांवच्या शिवारांत थोडी शेती होती. कुळकायद्यानें ती कुळांची झाली व तिची ठरलेली किंमत घरीं आली, एवढें आम्हांस ठाऊक होतें. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षांत तेथील तिघां गृहस्थांच्या सह्यांचें पत्र आलें. शेत कायद्यानें झालें, परंतु ज्या अकरा गुंठ्यांवर घरें उभीं आहेत तो तुकडा अद्याप सातबाऱ्यावर तुमच्या आजोबांच्याच नांवें आहे, तरी एकदां येऊन जावें, असा त्यांतील मजकूर होता. तेव्हां आम्ही व आमचे धाकटे बंधु तेथें गेलों.

तीन घरें शेजारीं शेजारीं उभीं होतीं. दोन कौलारू, सारवलेल्या ओटीचीं, अंगणांत तुळस व मागील परड्यांत नारळी-केळी असलेलीं. तिसरें कुडाचें, त्याच्या भिंतीला पावसाळ्यापासूनचा ओलावा. पहिल्या दोन घरांचे वडील आमच्या आजोबांचीं कुळें होते. तिसऱ्या घरांतील माणूस शेतमजुराचा नातू. ओटीवर पाट मांडून, नारळाचें पाणी देऊन झाल्यावर त्यांतील ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "मास्तर, घर आमच्या आज्यानं बांधलं. भिंती आमच्या, कौलं आमची. पण कागद काढला की आम्ही तुमच्या जागेत बसलेले ठरतो." बोलण्यांत तक्रार नव्हती. पावसाची गोष्ट सांगावी तसें त्यांनीं तें सांगितलें.

ही स्थिति एकट्या दातिवऱ्याची नव्हे. ठाणें-पालघरपासून खालीं कोंकणापर्यंत ती आढळते. पूर्वीं जमीनदार आपल्या शेताच्या कडेला कुळास अथवा मजुरास घर घालण्यापुरती जागा देई. शेताची राखण व्हावी व हांकेसरशी माणूस मिळावा, हा त्यांतील हेतु. त्याबद्दल वर्षाकांठीं दोन-चार रुपये भाडें, कोठें नारळ, कोठें वरकड काम. घर बांधण्याचा खर्च राहणाऱ्याचा, भूमि देणाऱ्याची. जोंवर दोघांचा सलोखा होता तोंवर कोणास कांहीं वाटत नसे. परंतु सलोखा बिघडला कीं "घर उचल" एवढे दोन शब्द पुरत. ज्याचें घर दुसऱ्याच्या भूमीवर, त्याच्या तोंडास कुलूप, हें उघड आहे. मजुरी कमी मिळाली तरी तो बोलत नसे, कारण मजुरीबरोबर घरही जाण्याचें भय असे.

आमच्या प्राचीनांस हें मर्म ठाऊक नव्हतें असें नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत वास्तुपरीक्षेचें प्रकरण आहे. गुडघाभर खड्डा खणून निघालेली माती पुन्हां त्यांत भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, अपुरी पडली तर त्याज्य, ही परीक्षा पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु तिच्याही आधीं आचार्यांनीं भूमीचीं दोन लक्षणें सांगितलीं आहेत. ती क्षारयुक्त नसावी, आणि तिच्या स्वामित्वाविषयीं वाद नसावा. दातिवऱ्यास बसून या दोन लक्षणांचा विचार करतांना आम्हांस मोठें कौतुक वाटलें. पहिलें लक्षण येथें निसर्गाच्या हातीं आहे. खाजणाची वाट जवळ, भरतीचें पाणी जवळ. त्यावर माणसानें बांध घालून जेवढें साधेल तेवढें साधलें आहे. दुसरें लक्षण मात्र सर्वस्वीं माणसाच्याच हातचें आहे.

तें साधण्यासाठीं कायद्यानें काय केलें, हें वाचकांनीं नीट समजून घ्यावें. कारण शेतजमिनीचा कुळकायदा सर्वांस ठाऊक असतो, घराखालच्या जागेचा फार थोड्यांस. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. १ एप्रिल १९५७ हा त्यांतील कृषकदिन. त्या दिवशीं कसणारें कूळ कायद्यानें खरेदीदार मानलें गेलें. याच अधिनियमांत राहत्या घरांविषयीं स्वतंत्र कलमें आहेत. कलम १६ सांगतें कीं कुळानें वा त्याच्या पूर्वजानें स्वखर्चानें बांधलेल्या घरांतून त्यास काढतां येणार नाहीं. कलम १७ सांगतें कीं मालक ती जागा विकूं लागला तर खरेदीचा पहिला हक्क त्या कुळाचा. पुढील दुरुस्त्यांनीं कायदा आणखी एक पाऊल चालला. १७-ब या कलमानें कुळानें घराखालची जागा खरेदी केली आहे असेंच मानलें जातें, आणि किंमत म्हणून वार्षिक भाड्याची वीसपट रक्कम ठरविली आहे. वर्षास पांच रुपये भाडें असेल तर जागेची किंमत शंभर रुपये. आणि कलम १८ नें हें संरक्षण गांवांतील शेतमजूर व कारागीर यांच्या घरांसही लागू केलें आहे. म्हणजे सुतार, कुंभार, मजूर हे कूळ नव्हते म्हणून उघड्यावर पडावेत, असें कायद्यानें म्हटलेलें नाहीं.

मग अडचण कोठें? अडचण अशी कीं कायद्यानें दिलेला हक्क कागदावर उतरल्यावांचून जागा होत नाहीं. तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. घर केव्हांपासून आहे, कोणी बांधलें, भाडें काय होतें, याचे दाखले द्यावे लागतात. जुनी घरपट्टीची पावती, शाळेच्या दाखल्यावरील पत्ता, मतदारयादी, शेजाऱ्यांचे जबाब, हें सर्व उपयोगीं पडतें. मालकपक्षास नोटीस जाते, चौकशी होते, किंमत भरली जाते, प्रमाणपत्र मिळतें. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावर नांव लागतें. यांतील प्रत्येक पायरी सोपी आहे. परंतु मजुरी बुडवून पालघरच्या कचेरीचे खेटे घालणाऱ्यास त्या सर्व मिळून एक गडच चढावा लागतो. म्हणून शेताची चौकशी झाली, शेत नांवावर आलें, आणि घराखालचा तुकडा विस्मृतींत राहिला, असें अनेक ठिकाणीं घडलें.

कोणी विचारील, इतकीं वर्षें राहत आहेत, कायदा काढूं देत नाहीं, मग कागदाची एवढी मातबरी कां? त्याचें उत्तर त्या तिसऱ्या कुडाच्या घरांत होतें. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागांतून सपाट प्रदेशांत घरकुलासाठीं १ लाख २० हजार रुपये साहाय्य मिळतें. निदान २५ चौरस मीटरचें पक्कें घर त्यांतून व्हावें अशी अपेक्षा आहे. परंतु घरकुल बांधावयाचें तर पायाखालीं हक्काची जागा हवी. जागा दुसऱ्याच्या नांवावर, म्हणून त्या कुटुंबाचें घरकुल अडलें होतें. सरकार भिंतींस पैसे देण्यास सिद्ध, माणूस बांधण्यास सिद्ध, आणि मध्यें उभें आमच्या कैलासवासी आजोबांचें नांव! बँकेचें कर्ज, भावाभावांतील वाटणी, नवें बांधकाम, प्रत्येक ठिकाणीं हेंच नांव आडवें येतें.

दुसऱ्या वाटाही आहेत, त्या येथें संक्षेपानें सांगतों. गांवठाणांतील घरांची ड्रोनच्या साहाय्यानें मोजणी करून मिळकतपत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झाली. परंतु ती गांवठाणाच्या सीमेंतील घरांसाठीं आहे, शिवारांतल्या वाडी-पाड्यावरील घरें तिच्या बाहेर राहतात. शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वींचीं राहतीं घरें नियमित करण्याचें राज्य शासनाचें धोरण आहे. ज्यास मुळींच जागा नाहीं अशा घरकुलपात्र कुटुंबास ५०० चौरस फूट जागा विकत घेण्यासाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाची योजना आहे. तिची मदत आरंभीं ५० हजार रुपयांपर्यंत होती, ती पुढें १ लाखापर्यंत वाढविली गेली. ज्याची जशी भूमि, तशी त्याची वाट. आमच्या अकरा गुंठ्यांस मात्र १७-ब हीच सरळ वाट होती.

आतां आमच्यासारख्या घरांचा विचार. या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या नांवें कोंकणांत अथवा घांटावर अशी एखादी पट्टी असेल. १९५७ सालच्या घटनेची आठवण त्या घरांतून अद्याप कडवट निघते, हें आम्ही जाणतों. सारेच मोठे जमीनदार नव्हते. कांहीं घरांत विधवा व अज्ञान मुलें होतीं. त्यांच्यासाठीं कायद्यानें खरेदीची मुदत पुढें ढकलली होती हें खरें, तरी खंडावर चालणारी चूल विझली तेव्हां त्या माउलीस कलमाचें समाधान कितीसें वाटलें असेल? हें दुःख खोटें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु शेत गेल्याचें दुःख निराळें, आणि ज्या जागेवर आपण कधीं राहिलों नाहीं व राहणार नाहीं, ती दुसऱ्याच्या घराखालीं धरून ठेवणें निराळें. पहिल्यांत आपलें कांहीं गेलें होतें; दुसऱ्यांत आपलें कांहींच जात नाहीं, केवळ दुसऱ्याचें अडून राहतें.

बहुधा आपण अडवितों तें दुष्टपणानें नव्हे, आळसानें. आजोबा गेले, वारसनोंद झाली नाहीं. त्यांचे पांच पुत्र गेले, नोंद झाली नाहीं. आज वारसांची संख्या तेवीस. कोणी पुण्यास, कोणी इंदुरास, कोणी अमेरिकेंत. नोटीस काढावी तर कोणास व कोठें? आमच्या घरीं वंशवृक्ष मांडण्यासच दोन महिने लागले. आमच्या वहिनींच्या जुन्या ट्रंकेंत मृत्यूचे दाखले निघाले, पुतण्यानें परदेशांतून मुखत्यारपत्र पाठविलें, आणि एका चुलतभावानें "यांत कांहीं मिळणार का?" असें विचारलें. त्यास आमच्या बंधूंनीं शांतपणें उत्तर दिलें, "दादा, मिळणार नाहीं. आजोबांचें नांव मोकळें होईल." दादांनीं क्षणभर विचार केला व सही केली. एकत्र कुटुंबाची ही एक शक्ति आहे कीं वडील माणसानें एकदां सही केली म्हणजे इतरांच्या सह्या आपोआप होतात.

घर विकत घेण्याचा भाडेकऱ्याचा हा प्रश्न शहरांतही आहे, केवळ त्याचें रूप पालटलें आहे. मुंबईंत १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें बांधलेल्या बी. डी. डी. चाळी, एकंदर २०७. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें. एकेक खोली १६० चौरस फूट. गिरणगांवांतील तीन-चार पिढ्या त्यांत भाड्यानें वाढल्या. त्यांच्या पुनर्विकासांत भाडेकऱ्यांस ५०० चौरस फुटांचें घर मालकीहक्कानें विनामूल्य देण्याचें ठरलें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या. खासगी जुन्या इमारतींविषयीं महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमांत १९८६ सालीं नवें प्रकरण घालण्यांत आलें: शेंकडा ७० रहिवाशांनीं सहकारी संस्था करून मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी व उपकरप्राप्त इमारत संपादन करून घ्यावी. घरमालक न्यायालयांत गेले. तो वाद कित्येक वर्षें चालून त्यांतील घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं निर्णय दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ति ठरत नाहीं, असें बहुमतानें सांगितलें गेलें. म्हणजे राहणाऱ्याचा हक्क व मालकाचा हक्क यांचा तोल अद्यापही जपूनच धरावा लागतो.

परदेशांतील दोन दाखले यास जोडून पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडांत १९८० च्या गृहनिर्माण कायद्यानें नगरपालिकांच्या घरांत तीन वर्षें राहिलेल्या भाडेकऱ्यास तें घर मोठ्या सवलतीनें विकत घेण्याचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडांत वीस लक्षांच्या आसपास घरें अशीं विकलीं गेलीं. लक्षावधि कामकरी घरमालक झाले, ही जमेची बाजू. परंतु विकलेल्या घरांच्या जागीं तितकीं नवीं बांधलीं गेलीं नाहींत, कित्येक घरें पुन्हां विकलीं जाऊन खासगी मालकांच्या हातून भाड्यानें दिलीं जाऊं लागलीं. स्कॉटलंडनें हा हक्क २०१६ सालीं व वेल्सनें २०१९ सालीं बंद केला. उलट सिंगापुरानें १९६० सालीं गृहनिर्माण मंडळ स्थापून १९६४ पासून सरकारी घरें विकण्यास आरंभ केला. घर विकत मिळतें, परंतु ९९ वर्षांच्या पट्ट्यानें व निर्बंधांसह, आणि मंडळ बांधीत राहतें. तात्पर्य हें कीं, राहणाऱ्यास घर द्यावें, पण तें धनिकाच्या हातीं सहज घसरूं नये अशी पाचरही मारावी. आमच्याकडे आदिवासींची जमीन परवानगीवांचून इतरांस देतां येत नाहीं, हा निर्बंध त्याच जातीचा. दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावर, जेथें शहराची वाट दिवसेंदिवस जवळ येत आहे, तेथें या पाचरीचें महत्त्व कोणासही पटेल.

आमच्या कामाचा शेवट असा झाला. अर्ज, नोटिसा व जबाब होतां होतां श्रावण उजाडला. जुन्या नोंदीप्रमाणें प्रत्येक घराचें भाडें वर्षास तीन रुपये. वीसपटीनें प्रत्येकी साठ, तिन्ही घरांचे मिळून १८० रुपये. पालघरास दोघां भावांच्या जेवणास त्याहून अधिक लागले. आमच्या बंधूंस वाटलें कीं एवढ्याशा रकमेचें काय घ्यावयाचें; ती आपणच भरून टाकावी. त्यांनीं तसें सुचवितांच कुडाच्या घरांतील तो तरुण चटकन् म्हणाला, "नको काका. फुकट घेतलं तर उद्या कोणी म्हणेल, दिलं होतं. विकत घेतलं असं कागदावर राहू द्या." आणि त्यानें कमरेच्या पिशवींतून साठ रुपये काढून भरले, पावती घेतली, ती दोनदां वाचली.

त्या तरुणाच्या बोलण्यांत कायद्याचें सारें रहस्य आलें आहे. दान घेणारा देणाऱ्याकडे पाहून चालतो; किंमत मोजणारा समोर पाहून चालतो. कायद्यानें वीसपट भाडें ठरविलें तें मालकाचें पोट भरण्यासाठीं नव्हे, घेणाऱ्याची मान ताठ राहावी म्हणूनही तें आहे. म्हणून वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी पट्टी असेल त्यांनीं उदारपणाचा आव आणूं नये, आणि अडवणूकही करूं नये. जें विकत घेण्याचा दुसऱ्यास हक्क आहे, तें त्यास विकत घेऊं द्यावें.

त्यासाठीं करावयाचें फार थोडें आहे. आजोबांच्या नांवाचा सातबारा आज संगणकावर पाहतां येतो, तो पाहावा. वारसनोंद राहिली असेल तर वडीलधारी माणसें हयात आहेत तोंवर करून घ्यावी. त्यांच्या मागें वंशवृक्ष सांगणारा कोणी उरत नाहीं. त्या भूमीवर कोणाचें घर आहे काय, हें एकदां जाऊन डोळ्यांनीं पाहावें. नोटीस आली तर ती न घेतां परत धाडूं नये. हजर राहून खरें तें सांगावें. दातिवऱ्याची खारी हवा कोणास पालटतां येणार नाहीं. परंतु आचार्यांनीं सांगितलेलें दुसरें लक्षण, म्हणजे घराखालची भूमि वादरहित असणें, हें आपल्या एका सहीनें साधतें. ती सही पुढच्या पिढीवर टाकूं नये, इतकीच विनंति. असो.